हाय-न्हाई तात्या

तात्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकाच शब्दात यायचं. ‘हाय’ किंवा ‘न्हाई’. लग्नाच्या पंगतीत यजमान वाकून विचारायचा, “तात्या, आमटी झालीया न्हवं बेस?” तात्या तोंडातला घास नीट चावून गिळायचे आणि म्हणायचे, “न्हाई.” खारट झाली, पातळ झाली, असला खुलासा नाही. सगळी पंगत हसायची, यजमानाचं तोंड एवढंएवढंसं व्हायचं आणि तात्या पुढचा घास घ्यायचे. आपण कुणाला दुखावलं हे त्यांच्या गावीही नसायचं. गावाने त्यांचं नावच ‘हाय-न्हाई तात्या’ ठेवलं होतं.

ते माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. आष्ट्याहून सांगलीकडे जाताना फाट्यावर उतरून आत चालत आलं की आमचं गाव लागतं. लहानपणी मी आमच्या घरात कमी आणि तात्यांच्या सोप्यात जास्त असायची. बेंदराला सजवलेल्या बैलांची मिरवणूक मी त्यांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात राग फार आहे. तो आवरून लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा कागद फाडले. राग आहे तर आहे.

तात्यांचा खरा दबदबा बैलबाजारात होता. खिलार बैल घ्यायचा म्हटलं की लोक आधी तात्यांच्या दारात यायचे. तात्या बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, खांदा चाचपायचे, चार पावलं चालवून बघायचे. बाजारात सगळा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून चालतो. दलाल तोंडाने एक बोलतो आणि बोटांनी दुसरंच. तिथे हा माणूस विकणाऱ्याच्या तोंडावर, चारचौघांत बोलायचा. विकणारा छाती पुढे काढून म्हणायचा, “चार दाती हाय, कवळा हाय.” घेणारा तात्यांकडे बघायचा. तात्या “न्हाई” म्हणाले की संपलं. त्याबद्दल ते कुणाचा चहासुद्धा घेत नसत.

एकदा त्यांनी स्वतःचा बैल, पाखऱ्या, विकायला नेला होता. माझे वडील, आप्पा, बरोबर होते आणि पुढे हा किस्सा त्यांनी शंभर वेळा सांगितला. गिऱ्हाईकाने विचारलं, “काय खोड हाय का?” तात्या म्हणाले, “हाय.” “मारका हाय?” “हाय.” “मग चांगलं काय हाय का न्हाई?” तात्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “न्हाई.” पाखऱ्या संध्याकाळी घरी परत आला आणि पुढे कैक वर्षं तात्यांच्याच गोठ्यात राहून मेला. मधल्या काळात त्याने काकीला, म्हणजे तात्यांच्या बायकोला, दोनदा शिंगावर घेतलं. काकी बरगडी शेकत म्हणायची, “बैल ह्यांचा, खरं ह्यांचं, आन शिंगं माझ्या बरगडीत.” आम्ही पोटं धरधरून हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

एकदा बांधावरून दोन घरांत वाद लागला. पंचांनी देवळात बेल-भंडारा उचलून साक्ष द्यायला तात्यांना बोलावलं. तात्यांनी भंडाऱ्याला हात लावला नाही. “भंडारा लागत न्हाई. इचारा,” म्हणाले. पंचांनी विचारलं, जुना बांध चिंचेच्या अलीकडे होता का? तात्या म्हणाले, “हाय. अजून हाय, खाली उकरून बघा.” उकरल्यावर जुने दगड सापडले. ज्याने बांध सरकवला होता तो काकीचा सख्खा भाऊ निघाला. त्यानंतर दोन वर्षं काकीला माहेरची भाऊबीज मिळाली नाही. गावाने तात्यांचं केवढं कौतुक केलं! काकीचं कुणी काही केलं नाही. तात्या खरं बोलायचे आणि भोगायचं दुसऱ्याच कुणीतरी, हे मला त्या वेळीच कळायला हवं होतं. पण मी शाळकरी होते आणि मला तात्या देवासारखे वाटायचे.

मग सुमीचं झालं.

सुमन माझी जिवाची मैत्रीण. आष्ट्याच्या शाळेत आम्ही दोघी मिळून जायचो, मॅट्रिक एकदमच झालो. तिचे वडील नव्हते, घरात दोन भावांचं राज्य होतं. तिने सांगलीच्या नर्सिंगच्या कोर्ससाठी गुपचूप अर्ज केला. उत्तर माझ्या पत्त्यावर आलं: सोमवारी सकाळी हजर व्हा. नेमकं त्याच आठवड्यात भावांनी तिचं लग्न ठरवलं. नवरा जत तालुक्यातला, पहिली बायको वारलेला, पदरी तीन मुलं. सुमी रडली नाही. मला म्हणाली, “नंदे, मला फकस्त साडेचारच्या यष्टीत बसव. फुडचं माझं मी बघती.”

साडेचारची एस.टी. आप्पांचीच असायची. लष्करात ड्रायव्हर होते, तिथून सुटून ते एस.टी.त लागले होते. रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला सुमी मागच्या दाराने आमच्याकडे आली. बस येईपर्यंत तिला कुठेतरी लपवायचं होतं. भाऊ पहिल्यांदा आमचंच घर बघणार हे उघड होतं. मग मला तात्यांचं घर सुचलं आणि स्वतःच्या हुशारीचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! तात्यांनी एकदा “न्हाई” म्हटलं की पुढे पाऊल टाकायची गावात कुणाची टाप नव्हती. जो माणूस जन्मात खोटं बोललेला नाही, त्याचं मला एकच खोटं हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या खोट्याने काम भागलं नसतं.

तात्या रानात गेले होते. काकीने मला एक शब्द विचारला नाही. सुमीचा चेहरा बघितला, तिला धान्याच्या कणगीमागे बसवलं आणि आधी पिठलं-भाकरी वाढली. “खा पोटभर. पळायचं तर पोटात बळ पायजे,” एवढंच म्हणाली.

तात्या चारच्या सुमाराला बैल घेऊन आले. मी धावत जाऊन त्यांना दारातच गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, “तात्या, सुमी आत हाय. तिचं भाऊ आलं तर न्हाई म्हणा. साडेचारपत्तोर. तेवढंच.”

तात्यांच्या हातातला कासरा खाली पडला. ते म्हणाले, “मला कशाला सांगितलंस गं पोरी?”

मला त्याचा अर्थ कळला नाही. त्यांनी कासरा उचलला आणि बैल परत रानाकडे वळवले. इतका मोठा माणूस, पण एका प्रश्नापासून पळून जायला निघाला होता. जमलं असतं तर फार बरं झालं असतं. पण तोवर आमच्या घराची झडती घेऊन सुमीचे दोघे भाऊ गल्लीत आले होते. थोरल्याने रस्त्यातच बैलांना थोपवलं.

“तात्या, आमची सुमी तुमच्यात हाय का?”

मी जन्मापासून तात्यांना विचारल्या विचारल्या उत्तर देताना पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते थांबले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, न्हाई म्हणा, तात्या, न्हाई म्हणा. दोन अक्षरं.

“हाय,” तात्या म्हणाले.

मग ते दोघांच्या आधी घरापाशी पोचले आणि दारात आडवे झाले. दोन्ही हात चौकटीला लावून ओरडले, “हाय! पर माझ्या उंबऱ्याच्या आत कुणी पाय टाकायचा न्हाई! पोरगी तिच्या मर्जीनं आलीया, मर्जीनंच जाईल!” एवढं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला फार शूर वाटतं. पण ते साठीचे आणि समोर दोन धट्टेकट्टे गडी. धाकट्याने त्यांना छातीवर ढकललं. त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं, टोपी पायरीवर पडली. तेवढ्यात सुमी स्वतःच आतून बाहेर आली.

“तात्यांना हात लावू नका. मी येती,” म्हणाली. तिने टोपी उचलली, झटकली, तात्यांच्या हातात दिली आणि भावांबरोबर चालू लागली.

त्यानंतर पाव तासाने फाट्याकडून आप्पांच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. आमच्या फाट्यावर ते नेहमी दोनदा वाजवायचे. तात्या अजून दारातच बसले होते. तेव्हा कुठे मला त्यांचं मघाचं वाक्य कळलं. मी सांगितलं नसतं तर तात्या बेधडक “न्हाई” म्हणाले असते आणि ते त्यांच्यापुरतं खरंच असतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वतः “हाय” म्हणाले आणि ओझं माझ्या डोक्यावर ठेवून मोकळे झाले, असं मला वाटलं. अजूनही काही वेळा वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ड्यूटीवरून आले, त्यांना सगळं कळलं आणि ते तडक तात्यांच्या सोप्यात गेले. थोरल्या भावापुढे कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी न बसता उभ्यानेच बोलू लागला.

“आवं तात्या, एक न्हाई म्हणायला काय जात हुतं तुमचं? गाडीफुडं म्हस आडवी आली तर मी डावी बाजू का उजवी बाजू बघत बसतो व्हय? आधी आतली माणसं वाचवायची, म्हस वाचवायची. नियम मागनं. तुमच्या न्हाईनं कुणाचं वाईट झालं असतं, सांगा. कुणाचंबी न्हाई. आन तुमच्या हायनं एक पोरगी गेली.”

तात्यांच्या कपाळाला हळद लावलेली होती. ते खाली बघून म्हणाले, “आज सोयीसाठी न्हाई म्हटलं, तर उद्या माझ्या हायला कोण इचारंल?”

“न्हाई इचारलं तर न्हाई!” आप्पा ओरडले. “गावाला बैल पारखून मिळावा म्हणून पोरगी दिलीसा व्हय?”

चुलीपाशी बसलेली काकी तेव्हा बोलली. “तुमचं दोघांचं तुमी बघा. मला खरं-खोटं कळत न्हाई आन फायदा-तोटा बी कळत न्हाई. पोर माझ्या घरात जेवली. आपल्यात जेवल्याल्या पोरीला कुणी काढून देत न्हाई. एवढं कळायला काय लागतंय?”

त्या दिवसापासून काकीने तात्यांना प्रश्न विचारणं बंद केलं. भाकरी वाढू का, बाजारात जाणार का, दुखतंय का, काही नाही. ताट ठेवायची, तांब्या ठेवायची, अंथरूण घालायची. विचारायची मात्र नाही. ज्याला विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, त्याला न विचारणं ही केवढी शिक्षा आहे ते मी शेजारी राहून बघितलं.

आणि गाव? गावाने तात्यांना डोक्यावर घेतलं. तात्याने गावाची अब्रू राखली म्हणे! त्या वेळी पारावरच्या एकेकाला धरून विचारावंसं वाटायचं की कुणाची अब्रू, आणि ती त्या पोरीच्या सांगलीला जाण्याने कशी काय जात होती? आठ दिवसांनी सुमीचं लग्न लागलं. मांडवात थोरल्या भावाने तात्यांना मानाचा फेटा बांधायला आणला. तात्यांनी विचारलं, “कशाबद्दल?” तो हसून म्हणाला, “तुमी खरं बोललासा म्हणून.” तात्यांनी फेटा त्याच्या हातातून घेतला, घडी मोडली नाही, तसाच मांडवाच्या खांबापाशी ठेवला आणि न जेवता घरी आले. पुन्हा ते बैलबाजारात गेले नाहीत. कुणी दात बघायला बोलवायला आलं की म्हणायचे, “न्हाई.”

पुढच्या वर्षी मी सांगलीला कॉलेजात गेले. ज्या गावाला सुमी जायची होती त्या गावाला मी गेले. नीतिशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर तीन रकाने आखले. कुणी म्हणतं कर्तव्य पाळा, मग काहीही होवो. कुणी म्हणतं परिणाम बघा, भलं कशात होतं ते करा. आणि कुणी म्हणतं, चांगला माणूस या जागी कसा वागेल ते बघा. मी वहीत पहिल्या रकान्यात तात्या लिहिलं, दुसऱ्यात आप्पा आणि तिसऱ्यात काकी. सुमीला कुठे लिहायचं ते कळेना. तिचं आयुष्य चाललं होतं आणि वाद आम्ही घालत होतो. सरांनी विचारलं, “यातलं बरोबर कोणतं?” मी उठून म्हणाले, “सर, दारात उभं राहून सांगा.” वर्ग हसला. सरांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी वही मिटून बाहेर निघून गेले.

सुमीचा नवरा मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. नुसता गप्प होता. कोरडवाहू जोंधळा, सवतीची तीन पोरं, पाण्यासाठी दोन मैलांची पायपीट. वस्तीवर कुणाला ताप आला की सुमीच धावायची, गोळीचं नावसुद्धा माहीत नसताना. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. त्याच उन्हाळ्यात तिचं पहिलं मूल जुलाबाने गेलं. ती नर्स झाली असती तर मूल वाचलं असतं का, मला माहीत नाही. पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही आणि तो डोक्यात आला की मला तात्यांच्या तोंडातलं ते “हाय” ऐकू येतं.

तात्या दरवर्षी सुगी झाली की जतला जायचे. गुळाचा खडा, घरची हळद, आणि त्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या विहिरीचं पाणी. पत्र्याच्या डब्यात, तोंडाला फडकं बांधून, दोन एस.टी. बदलून. कंडक्टरने कटकट केली तर डबा मांडीवर घेऊन बसले. सुमीच्या अंगणात पोचले की उभ्याउभ्याच विचारायचे, “पोरी, सुखात हायस का?” सुमी म्हणायची, “हाय.” मग ते घोटभर पाणी पिऊन त्याच दिवशी परत फिरायचे.

तिचं मूल गेल्यावर मी तिला भेटायला गेले तेव्हा तिच्यावर चिडले. “त्यांना कशाला हाय म्हणतीस? सांग की तोंडावर!” सुमी जोंधळा पाखडत होती. ती म्हणाली, “न्हाई म्हटलं तर म्हातारा हितंच बसंल. त्याला काय कळत न्हाई व्हय? बैलाचं वय दातावरनं सांगणारा माणूस हाय त्यो. पर माझं हाय घिऊन त्यो वरीसभर जगतोय. जगू दे.” मला तेही पटलं नाही. मला वाटलं, हिने माफ केलं म्हणून मी का करू?

पुढे मी साताऱ्याला शिक्षिका म्हणून लागले. तात्यांनी अंथरूण धरल्याचं आप्पांचं पत्र आलं आणि मी पहिल्या गाडीने गावी आले. दुपारची वेळ होती. सोप्यात बाजेवर तात्या निजले होते, पायाशी काकी बसली होती. माणूस वाळून चिपाड झाला होता. मी जवळ बसले. त्यांनी मला ओळखलं.

“नंदा, सुमीकडं गेलतीस?”

“गेलते.”

“सुखात हाय का गं पोरगी?”

काकीने माझ्याकडे बघितलं. मान अगदी किंचित हलवली. काय म्हण म्हणून सांगत होती ते मला स्वच्छ कळलं. पण माझा राग आठ वर्षांचा होता. तो खांद्यावरचा बेंदूर, ती पायरीवरची टोपी, तो एस.टी.चा हॉर्न, सगळं एकदम वर आलं.

“न्हाई,” मी म्हणाले.

तात्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “बरं झालं. कुणीतरी सांगितलंस.” त्यांना बरं वाटावं म्हणून मी काही बोलले नव्हते. मी दगड मारला होता आणि त्यांनी तो फूल झेलावं तसा झेलला. याचाही मला राग आला. त्यांचे ओठ सुकले होते. काकी उठली, तांब्या घेऊन त्यांच्या तोंडापाशी वाकली आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, “तहान हाय का?”

“हाय,” तात्या म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले.

सुमी दिवसकार्याला आली. काकीने तिला सगळं सांगितलं असावं, कारण पंगती उठल्यावर ती मला शोधत आमच्या मागच्या दाराशी आली. लग्नाच्या वेळी रडली नव्हती, मूल गेल्यावर माझ्यासमोर रडली नव्हती. त्या दिवशी तिचे डोळे लाल झाले होते आणि आवाज चढला होता.

“तुला कुणी सांगितलं हुतं न्हाई म्हणायला? आठ वर्सं मी एक शब्द जपला. माझा शब्द हुता त्यो. माझ्या जल्माचं काय झालं ते सांगायचं का झाकायचं, ते माझं मी बघितलं असतं. मला इचारलंस तू?”

“सुमे,” मी म्हणाले, “मी काय खोटं सांगितलं? खरं तेच सांगितलं.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

“व्हय,” ती म्हणाली. “त्येनं बी खरंच सांगितलं हुतं.”

साडेचारच्या एस.टी.ने ती जतला परत निघाली. मी फाट्यापर्यंत मागून चालत गेले. ती एकदाही वळली नाही. बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली आणि आप्पांनी दोनदा हॉर्न वाजवला.